थोडक्या खर्चांत पडवींतील रोपें

भाजीपाल्याचें बीं घरांत पेरून रोपें करण्याची चाल थंड मुलखांत जुनी आहे. युरोपांत व उत्तर अमेरिकेच्या बऱ्याच भागांत वसंत ऋतु लागला तरी रात्रीं जमीन गोठते, म्हणून तेथील लोक टोमॅटो, मिरची अशा नाजुक पिकांचें बीं खिडकीपाशीं अथवा विजेच्या दिव्याखालीं पेरतात आणि थंडी ओसरल्यावर रोपें बाहेर लावितात. आपल्या महाराष्ट्रांत ही अडचण नाहीं. तेव्हां घरांत रोपें करण्याचें आपणांस कारणच काय, असा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं कोणी सहज विचारील. त्यास उत्तर असें कीं, आपली अडचण निराळी आहे, पण ती त्यांच्याहून लहान नाहीं. मे महिन्यांत विहिरीनें तळ गांठलेला असतो, देशावर व वऱ्हाडांत पारा चाळीस अंशांपलीकडे चढतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत पावसाळी मिरचीचें बीं मातींत पडलें पाहिजे. मृगाचा पाऊस पडल्यावर जो वाफा करूं लागतो, त्याचीं रोपें लावणीस येतां येतां जुलै संपतो, आणि पावसाचे चांगले पांच आठवडे हातचे जातात.

जो थांबत नाहीं तो बाजारांतून रोपें आणतो. चांगल्या रोपवाटिका आपल्याकडे आतां पुष्कळ आहेत, आणि ज्यास दोन एकर टोमॅटो लावावयाचे आहेत त्यानें खुशाल तेथें आगाऊ मागणी नोंदवावी. परंतु परसांतील साठ मिरच्या, तीस वांगीं व चाळीस टोमॅटो यांसाठीं आठवड्याच्या बाजारांत ओल्या फडक्यांत बांधून आलेलीं रोपें घेणें म्हणजे उतारा न पाहतां जमीन खरेदी करण्यासारखें आहे. जात कोणती, बीं कोणाचें, हें विकणारासहि बहुधा ठाऊक नसतें. मिरचीचा बोकड्या अथवा चुरडा-मुरडा म्हणून जो विकार आपण पाहतों, त्यास कारण होणारे फुलकिडे, कोळी व पांढरी माशी हीं रोपावस्थेपासूनच पाठीस लागतात; आणि माशीनें आणलेला विषाणु रोपांत शिरला तरी कित्येक दिवस त्याची खूण दिसत नाहीं. मुळांवर गांठी करणारे सूत्रकृमि तर एकदां परसांत आले कीं वर्षानुवर्षें हलत नाहींत. हे पाहुणे आपण पैसे देऊन घरीं आणावे, हें कांहीं शहाणपणाचें नव्हे.

वाफ्याचें पाणी व पडवींतील पाणी यांचा हिशेब करून पाहावा. मे महिन्याच्या उन्हांत उघड्या ओल्या जमिनींतून दिवसास दहा मिलिमीटर पाणी उडून जातें असें धरिलें, तर तीन मीटर लांब व एक मीटर रुंद अशा वाफ्यास रोज ३० लिटर, म्हणजे दोन घागरी पाणी लागेल. चाळीस दिवसांचें तें १,२०० लिटर होतें. उलट, ज्यांत १४० बिया पेरतां येतात असा अर्धा डबा पडवीच्या सांवलींत दिवसास लहानशा तांब्याभर पाण्यावर राहतो. ज्या घरीं पिण्याचें पाणी टँकरनें येतें, त्या घरींहि भाजी धुतलेल्या पाण्यांत इतकें भागतें. मात्र साबणाचें पाणी घालूं नये. घरांत रोपें करण्याचें आमच्या मतें खरें कारण हेंच होय. पैशाची बचत ही त्यामागून येणारी गोष्ट आहे.

आतां साहित्याविषयीं. पैसा खर्चावयाचा तो फक्त चांगल्या बियावर. बाकीचें सर्व घरांत पडलेलें असतें. पंधरा किलो तेलाचा चौकोनी डबा लांबींतून मधोमध चिरला म्हणजे सुमारें ३५ सेंटिमीटर लांब, २३ रुंद आणि ११-१२ खोल अशीं दोन तबकें मिळतात. धारदार कडा ठोकून आंत वळवाव्या, आणि बुडास खिळ्यानें पंधरा-वीस भोकें पाडावीं. हीं भोकें पाडण्याचा कंटाळा करणाऱ्यानें पुढचा मजकूर वाचण्याची तसदी घेऊं नये, कारण पाणी न निचरणाऱ्या डब्यांत रोप जगत नाहीं. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या, फुटका माठ, केळीचे सोप, हींहि चालतात. परंतु कीटकनाशकाचा अथवा तणनाशकाचा डबा, तो कितीहि वेळां धुतला असला तरी, या कामीं घेऊं नये. आणि असे डबे घरांत मुळींच ठेवूं नयेत. हल्लीं ९८ खणांचीं प्लास्टिकचीं तबकें व नारळाच्या काथ्याचा भुसा सर्वत्र मिळतो. त्यांची आम्ही निंदा करीत नाहीं. रोपवाटिकेचा धंदा त्यांवरच चालतो. मात्र त्या भुशांत रोपाचें खाद्य जवळजवळ नसतें, तें वरून पुरवावें लागतें. आणि शंभर-दीडशें रोपांसाठीं हा खटाटोप व खर्च दोन्ही व्यर्थ आहेत.

बियाची परीक्षा पेरणीपूर्वीं तीन आठवडे करावी. शंभर बिया मोजून ओल्या फडक्यावर एकमेकींस न लागतील अशा मांडाव्या, फडकें सैल गुंडाळावें, सांवलींत ठेवावें आणि सुकूं देऊं नये. टोमॅटो पांच ते आठ दिवसांत, वांगें सात ते दहा दिवसांत मोड दाखवितें. मिरचीस आठापासून चौदा दिवस लागतात, तिच्याविषयीं उतावीळ होऊं नये. १९६६ च्या बियाणें अधिनियमाखालीं प्रमाणित बियाचीं जीं किमान मानें ठरलीं, त्यांत उगवण मिरचीची शेंकडा ६०, आणि टोमॅटो, वांगें व कांदा यांची शेंकडा ७० धरली आहे. घरच्या परीक्षेंत त्याहून बरेंच कमी उगवलें तर त्या मानानें बीं दाट पेरावें, नाहीं तर तें टाकून दुसरें आणावें. कांद्याचें बीं वर्षभरांतच उतरूं लागतें. टोमॅटो व वांगें यांचें कोरडें ठेविल्यास तीन वर्षें दम धरतें.

एक ग्रॅम वजनांत टोमॅटोच्या सुमारें ३०० व मिरचीच्या दीडशेंवर बिया येतात. दहा ग्रॅमचें पाकीट एका घरास फारच झालें. तें चार घरांनीं मिळून घ्यावें. संकरित बियाच्या झाडांवरील फळें फोडून पुढील सालचें बीं करण्याच्या नादीं लागूं नये, कारण पुढल्या पिढींत झाडें नाना तऱ्हांचीं निपजतात. ज्यास घरचें बीं धरावयाचें आहे त्यानें सुधारित सरळ वाण घ्यावे: मिरचींत 'पुसा ज्वाला' अथवा राहुरीच्या कृषि विद्यापीठाची 'फुले ज्योति', वांग्यांत 'मांजरी गोटा', टोमॅटोंत 'पुसा रुबी' अथवा राहुरीचीच 'भाग्यश्री'. टोमॅटो बहुतांशीं आपल्याच परागानें फळतो, त्यामुळें त्याचें बीं धरणें सोपें. मिरचीचा मात्र मधमाश्यांच्या योगें शेजारच्या मिरचीशीं संकर होतो, म्हणून बियासाठीं राखलेल्या झाडास फुलोऱ्याच्या वेळीं पातळ कापडाची खोळ घालावी.

मातीच्या बाबतींत आपल्या काळ्या जमिनीचा अभिमान बाजूस ठेवावा. काळी माती डब्यांत ओली झाली कीं चिकटते व वाळली कीं भेगाळते. दोहोंतहि कोवळें मूळ तुटतें. दोन भाग पोयट्याची अथवा तांबडी माती, एक भाग पुरतें कुजलेलें शेणखत, एक भाग जाडसर वाळू, असें मिश्रण चाळून घ्यावें. वाळू न मिळाल्यास भाताचें तूस चालतें. मूठभर निंबोळी पेंड घालावी. राख घालण्याची चाल पुष्कळ घरीं आहे, पण देशावरील जमिनी मुळांतच चुनखडीच्या असतात, त्यांत राखेची भर नको.

ही माती भाजून घेणें अवश्य आहे. कोंकणांत व घाटमाथ्यावर भाताच्या रोपासाठीं शेण, पालापाचोळा व कवळें जाळून राब भाजतात. त्या उष्णतेनें तणाचें बीं व मातींतील अपायकारक बुरशी मरते, हें त्यांतील तत्त्व. पण त्यापायीं झाडांच्या फांद्या छाटल्या जातात आणि खत व्हावयाचें शेण जळून जातें. आपणांस घमेलेंभर माती हवी. तीवर मोठें पातेलेंभर खळखळ उकळतें पाणी ओतून वर गोणपाट झांकलें व दुसऱ्या दिवसापर्यंत तसेंच ठेविलें, म्हणजे काम होतें. ज्यास पुढील विचार सुचतो त्यानें एप्रिलांतच ओली माती पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवींत पातळ पसरून, तोंड बांधून, चार ते सहा आठवडे भर उन्हांत टाकावी, इंधनहि वांचतें. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळावयाची असेल तर माती पुरती निवल्यावर मिसळावी. अगोदर मिसळून मग उकळतें पाणी ओतल्यास अपायकारक बुरशीबरोबर तीहि मरते.

डब्यांत माती कांठापासून दोन बोटें खालीं राहील अशी भरावी आणि पेरण्यापूर्वीं भिजवून घ्यावी. पांच सेंटिमीटर अंतरानें लांबीच्या चार ओळी काढाव्या. ओळींत सेंटिमीटरास एक बी टाकल्यास १४० होतात. खोली अर्ध्या सेंटिमीटराहून फारशी अधिक नको. वर चाळलेलें खत भुरभुरावें आणि ओलें गोणपाट झांकावें. पाकिटांतील बीं रंग दिलेलें असल्यास तें औषध लावलेलें आहे असें समजावें. त्यास दुसरा संस्कार करूं नये, हात धुवावे, आणि उरलेलें कोंबड्यांपुढें टाकूं नये. डबा थंड जागीं ठेवावा. पस्तीस अंशांपलीकडे टोमॅटोचें बीं नीट उगवत नाहीं, म्हणून दुपारीं तापणाऱ्या पत्र्याच्या छपराखालीं डबे ठेवण्यांत अर्थ नाहीं. कौलारू पडवी, सोपा अथवा ओटी बरी.

पहिला मोड मातीबाहेर दिसला कीं त्याच दिवशीं गोणपाट काढून डबा उजेडांत आणावा. येथें दोन दिवसांची हयगय झाली तर रोपें पांढुरकीं, दोऱ्यासारखीं लांब होतात, आणि तीं पुढें कोणत्याहि खतानें सुधारत नाहींत. सांवलींत कोंवळीं राहतील, म्हणून मायेनें आंत ठेविलेलीं रोपें असल्या मायेनेंच मरतात. सकाळचें नऊ-साडेनऊपर्यंतचें कोंवळें ऊन अंगावर यावें आणि दुपारीं भरपूर उजेड असावा, अशी पूर्वेकडील पडवी सर्वांत चांगली. विजेच्या दिव्यांची आपल्या देशांत यासाठीं गरज नाहीं. मागची भिंत चुन्यानें पोतलेली असल्यास तिजवरून उजेड परततो. नसल्यास डब्यांमागें पांढरा कागद लावलेली फळी उभी करावी. रोपें उजेडाकडे कलतात, म्हणून डबा रोज फिरवावा.

पाण्याची गोष्ट उजेडाहून नाजुक आहे. सकाळीं टवटवीत असलेलीं रोपें दुसऱ्या दिवशीं बुडाशीं पिचून आडवीं पडलेलीं आढळतात. यास रोपें कोलमडणें अथवा मर म्हणतात. पुष्कळ लोक हें उन्हानें झालें समजून आणखी पाणी घालतात व उरलेलीं रोपेंहि घालवितात. हा रोग मातींतील पिथियम, रायझोक्टोनिया इत्यादि बुरशींमुळें होतो. दाट पेर, कोंदट हवा व सदा ओली माती यांवर तो पोसतो. यास्तव पाणी संध्याकाळीं घालूं नये, सकाळीं घालावें, म्हणजे रात्रीं वरचा थर कोरडा राहतो. परातींत दोन बोटें पाणी घेऊन त्यांत डबा ठेविला म्हणजे खालच्या भोकांतून माती आपण होऊन पाणी ओढते. वरची माती काळसर ओली दिसतांच डबा उचलावा. बोट मातींत पेरभर खुपसून ओल लागली तर त्या दिवशीं पाणी देऊं नये. ओळींत दाटी झाली असल्यास मधलीं रोपें उपटूं नयेत, त्यानें शेजारच्यांचीं मुळें हलतात, कात्रीनें कापावीं. रोग दिसलाच तर आजारी भाग मातीसकट काढून टाकावा व कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरभर पाण्यांत अडीच ते तीन ग्रॅम कालवून उरलेल्या मातीवर शिंपावें.

पडवींतील दुसरे शत्रु म्हणजे कोंबड्या, उंदीर व मुंग्या. पहिल्या दोहोंस रात्रीं-दिवसा डालगें पालथें घालून आवरावें. मुंग्यांसाठीं परातींत पाणी घालून त्यांत विटा मांडाव्या व विटांवर डबा ठेवावा. पांढऱ्या माशीसाठीं कोणी मच्छरदाणी लावितात, पण तिच्या छिद्रांतून ही बारीक माशी सुखानें जाते. रोपवाटिकांत यासाठीं ४०-५० मेशची दाट जाळी वापरतात. घरीं धुऊन विरलेलें मलमलीचें धोतर कामट्यांच्या कमानीवर ताणावें व कडा विटांनीं दाबाव्या. त्यांतून उजेडहि येतो. दोन धोतरांची घडी मात्र करूं नये.

दोन खरीं पानें फुटलीं म्हणजे रोपें एकएक करून द्रोणांत अथवा दुधाच्या पिशव्यांत हलवावीं. पानास धरावें, देंठास धरूं नये. पान तुटलें तर दुसरें येतें, देंठ चिमटला तर रोप गेलें. पळसाचा द्रोण या कामास उत्तम आहे. तीन आठवडे तो तग धरतो आणि लावणीच्या वेळीं रोपासकट जमिनींत पुरतां येतो, मुळांस धक्का बसत नाहीं. काकडी, दोडका, कारलें, दुधी यांस मुळें हललेलीं खपत नाहींत, म्हणून त्यांच्या दोन-दोन बिया सरळ द्रोणांतच टोकाव्या व सशक्त रोप ठेवावें. पंधरा-वीस दिवसांत वेल लावणीस येतो. भेंडी, गवार, मुळा, मेथी हीं पडवींत करण्याचीं पिकें नव्हेत. तीं जागेवर पेरावीं. कांद्यास हजारों रोपें लागतात, त्यास वाफाच पाहिजे.

लावणीचा दिवस अगोदर ठरवून मागें मोजावें, म्हणजे पेरणीचा दिवस सांपडतो. मृग ७ जूनच्या व आर्द्रा २१ जूनच्या सुमारास लागतें. आर्द्रांत २५ जूनला लावणी धरिली, तर मिरचीस चाळीस दिवस मागें जाऊन १६ मे येतो, वांग्यास पस्तीस दिवस धरून २१ मे, आणि टोमॅटोस सव्वीस दिवस धरून ३० मे. तिन्ही एकाच दिवशीं पेरलीं तर टोमॅटो डब्यांत जून होतो व मिरची कोंवळी राहते. पाऊस लांबण्याचा संभव असतो, म्हणून अर्धें बीं या दिवशीं व अर्धें दहा दिवसांनीं पेरणारा शहाणा. कोबी-फुलकोबीसाठीं हीच पडवी ऑगस्ट-सप्टेंबरांत उपयोगीं पडते. तेव्हां भीति उन्हाची नसून झडीची असते.

प्रत्येक ओळीशीं जातीचें नांव लिहिलेली कामटी खोंवावी. नांव शिसपेन्सिलीनें लिहावें. शाई दोन पाण्यांत धुऊन जाते, शिसें टिकतें. सर्व्हे नंबर नसलेली जमीन जशी कोणाची म्हणून सांगतां येत नाहीं, तशीं नांव नसलेलीं रोपें. मिरचीच्या दोन जाती फळ धरीपर्यंत एकमेकींपासून ओळखूं येत नाहींत. वहींत पेरल्याची तारीख, बीं कोठून आणलें, किती पेरलें, किती उगवलें आणि लावणीची तारीख एवढे पांच रकाने असावे. आमची सारी नोकरी दप्तरांत गेल्यामुळें आम्ही हा आग्रह धरतों असें कोणी म्हणेल. पण पुढल्या वर्षीं कोणाचें बीं घ्यावें व कोणाचें घेऊं नये हें त्या वहीवांचून कळण्याचा दुसरा मार्ग नाहीं.

लावणीपूर्वीं आठ-दहा दिवस रोपांस कणखर करावें. पाणी हळू हळू कमी करावें. पहिल्या दिवशीं तासभर, मग दोन तास, असें वाढवीत शेवटीं दिवसभर उन्हांत ठेवावें. पाऊस लागला असला तरी हें चुकवूं नये, कारण पडवींतील हवेंत वाढलेलें रोप एकदम वाऱ्यांत नेलें तर मान टाकतें. लावणी ढगाळ दिवशीं अथवा दिवस कलल्यावर करावी. पिशवी असल्यास ती फाडून काढावी, आणि द्रोणाचा कांठ मातीवर उघडा राहूं देऊं नये, तो उघडा राहिल्यास वातीप्रमाणें ओल वर ओढून उडवितो. दहा-बारा रोपें पडवींतच मागें ठेवावीं. पहिल्या आठवड्यांत गोगलगाय, किडा अथवा वासरूं यांपायीं कांहीं जागा रिकाम्या पडतात, त्या यांतून भरून घ्याव्या. मग डबे पालथे करून माती परसांत पसरावी, डबे घासून उन्हांत वाळवावे आणि ऑगस्टच्या कोबीसाठीं माळ्यावर ठेवून द्यावे.